मराठी वाङ्मयातील मुके हात

मराठी वाङ्मयातली म्हातारी माणसे फार बोलतात. रंगभूमीवर तर ती इतके सुंदर बोलतात की, ऐकणाऱ्याचा रुमाल ओला झाल्याशिवाय राहत नाही. मुले परकी झाली, घर परके झाले, आपला काळ सरला, हे गाऱ्हाणे आपण दोन पिढ्या ऐकत आलो आहोत आणि अजून आपल्याला त्याचा कंटाळा आलेला नाही. पण हे सारे बोलून झाल्यावर या माणसांना आरामखुर्चीतून उठवते कोण? त्यांच्या अंघोळीचे पाणी कोण काढते, पायाची नखे कोण कापते, रात्री दोनदा त्यांना मोरीपर्यंत धरून कोण नेते? या प्रश्नापाशी आले की आमचे वाङ्मय एकदम मुके होते. पडदा पडतो, किंवा प्रकरण संपते.

म्हातारपणाविषयीची कोणतीही कलाकृती समोर आली की, 'इथे अंघोळ कोण घालतो?' असा एक साधा प्रश्न मी तिला विचारून पाहतो. हा प्रश्न कुणाला वाङ्मयीन वाटणार नाही. कुणी म्हणेल, हा स्वयंपाकघरातला प्रश्न झाला, समीक्षेत त्याचे काय काम? माझा अनुभव मात्र असा आहे की, या एका प्रश्नाने त्या कलाकृतीतला खरा माणूस कोणता आणि शोभेचा कोणता, हे बरेचसे कळते.

वैद्यकशास्त्राला तरी हा प्रश्न हलका वाटलेला नाही. अमेरिकेत क्लीव्हलँड येथे डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि त्यांचे सहकारी यांनी खुब्याचे हाड मोडलेल्या व इतर दीर्घ आजारांनी पडून राहिलेल्या वृद्धांचे बारकाईने निरीक्षण केले आणि १९६३ साली एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात सहा गोष्टी आहेत: अंघोळ करणे, कपडे घालणे, शौचास जाऊन येणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा असणे आणि हाताने जेवणे. यांतले किती माणसाला स्वतःचे स्वतः जमते, एवढेच पाहायचे. कॅट्झ यांना असे आढळले की, बरी होणारी म्हातारी माणसे ही कामे परत मिळवतात त्याला एक क्रम असतो, आणि लहान मूल ही कामे ज्या क्रमाने शिकते त्याच्याशी तो जुळतो. अंघोळ साधारणपणे आधी सुटते. तोंडात घास घालणे सर्वांत शेवटी. पुढे १९६९ साली लॉटन आणि ब्रॉडी यांनी या यादीला बाजारहाट, स्वयंपाक, कपडे धुणे, पैशांचा हिशेब, औषधे वेळेवर घेणे अशा घरसंसारी कामांची जोड दिली. माणसाचे म्हातारपण केसांवरून न मोजता या कामांवरून मोजावे, असे या मंडळींनी जगाला सांगितले. आमच्या घरोघरच्या बायकांना ही मोजपट्टी न वाचताच पाठ होती.

आमच्या संतांनाही ती ठाऊक असावी. पंढरीच्या दैवताची कथाच मुळी सेवेच्या कथेतून निघाली आहे. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत आहे, देव दाराशी आला आहे आणि पुंडलिक त्याला उभे राहायला वीट फेकतो. ही कथा आपण भक्तीची म्हणून ऐकतो. पण तिच्यातला एक तपशील आपल्या नजरेतून सुटतो. पुंडलिकाने बायकोला हाक मारून, 'जरा बाबांचे पाय चेप, मी देवाला भेटून येतो,' असे म्हटले नाही. पाय चेपणारे हात त्याचे स्वतःचे होते, आणि ते काम अर्धे टाकता येण्यासारखे नव्हते. एकदा हातात घेतलेले काम देवासाठीसुद्धा सोडता येत नाही, हे आजाऱ्याची सेवा केलेल्या कुणालाही पटेल. जनाबाईच्या नावावरच्या अभंगांत विठोबा तिच्याबरोबर दळतो, पाणी भरतो, तिचे केस विंचरतो. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्याच्या रूपाने देवाने बारा वर्षे पाणी वाहिले, असे परंपरा सांगते. पाणी, दळण, वेणीफणी, पाय चेपणे: नित्याची ही कामे देवाच्या हाताला लावण्याइतकी थोर आहेत, असे मानणारी ही परंपरा आहे. मग तिच्या वारसदार लेखकांच्या हातून ती कामे निसटली कशी?

वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली डॉक्टर श्रीराम लागूंनी प्रथम उभे केले आणि तेव्हापासून मराठी माणसाच्या मनातल्या म्हाताऱ्याला गणपतराव बेलवलकरांचाच चेहरा आहे. 'किंग लिअर'ची छाया या नाटकावर आहे हे खरे. पण त्याचे दुःख अस्सल मराठी घरातले आहे. मिळवलेले सारे मुलांना देऊन टाकणारा हा नट आधी मुलाच्या घरी आणि मग मुलीच्या घरी उपरा ठरतो. भाषेच्या वैभवाबद्दल मी काय बोलावे? ते वैभव निर्विवाद आहे. परंतु माझा प्रश्न विचारला की या नाटकातली दुसरीच व्यक्ती पुढे येते. ती म्हणजे कावेरी. गणपतराव तिला 'सरकार' म्हणतात, आणि ते विनोदाने म्हटलेले असले तरी खरे आहे. या माणसाचा दिवस चालतो तो तिच्यामुळे. ती जाते तेव्हा गणपतरावांची बायको जातेच. त्याशिवाय त्यांचा सदरा, त्यांचे ताट, त्यांचे अंथरूणही जाते. नाटककाराला हे दिसले आहे, नाही असे नाही. पुढे रस्त्यावरचा राजा नावाचा पोरगा या म्हाताऱ्याला आधार देतो, तेव्हा कावेरीचीच रिकामी जागा तो भरत असतो. पण प्रेक्षक घरी जाताना स्वगते बरोबर घेऊन जातो, आणि जाताजाता सुनेला दोष देऊन जातो. सासऱ्याची बाजू मांडायला शिरवाडकरांची वाणी आहे. सुनेच्या बाजूला साधे गद्य आहे. हा खटला पहिल्यापासून विषमच आहे.

जयवंत दळवींचे 'संध्याछाया' हे १९७०च्या दशकातले नाटक मला यापेक्षा धाडसी वाटते, कारण त्यात मोठे असे फारसे काही घडतच नाही. नाना आणि नानी यांचा दिवस आपण पाहतो. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा हवाई दलात. दाराशी आलेल्या परक्या माणसालाही ही दोघे सोडत नाहीत, कारण त्यांना बोलायला कुणी हवे आहे. म्हातारपण म्हणजे प्रसंग नव्हे, तास आहेत, हे दळवींना नेमके कळले होते. नाना-नानींचे हात अजून चालतात, मात्र त्या हातांची कुणाला गरज उरलेली नाही. हे दुःख मराठीत इतक्या हळू आवाजात क्वचितच कुणी सांगितले असेल. तरीही तक्रार उरते. शेवटी ही दोघे मिळून आपले आयुष्य संपवतात. म्हणजे ज्या दिवशी नानींना नानांना अंघोळ घालावी लागली असती, तो दिवस उजाडतच नाही. रंगभूमीच्या दृष्टीने हा शेवट परिणामकारक आहे. पण प्रेक्षागृहात बसलेल्या बहुतेकांच्या घरी तो दिवस उजाडतोच, आणि एकदा उजाडला की वर्षानुवर्षे रोज उजाडतो. त्या माणसांना हे नाटक रडवून एकटे सोडते.

महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त (१९८५) एक दादी आहे. तिला मोठे भाषण नाही. आतून तिची हाक येते, ती वेळ विचारते, आणि पुन्हा विचारते. बाहेर देशपांड्यांच्या घरात खर्चाच्या, दागिन्यांच्या, वाटणीच्या गोष्टी चालल्या आहेत, आणि मध्येच ही हाक. ज्या घरात असे माणूस आहे त्या घरातल्या वाचकाला मी अधिक सांगायला नको; अगदी असेच असते. आणि त्या घरात पडेल ते काम न बोलता उचलणारा चंदू आहे. तो पुरुष आहे, अविवाहित आहे, आणि कुणाच्या हिशेबात नाही. सेवा करणाऱ्याला घरात कोणती जागा मिळते, हे एलकुंचवारांनी एकही वाक्य खर्च न करता दाखवले आहे. माझ्या मते हे मराठी नाटकातले एक मोठे निरीक्षण आहे, आणि त्याच्याविषयी जेवढे बोलले जायला हवे होते तेवढे बोलले गेलेले नाही.

चित्रपटांपैकी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' (२०१३) या प्रश्नाच्या सर्वांत जवळ गेला. मोहन आगाशे यांनी उभे केलेले चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे गाढे पंडित. त्यांची स्मृती विरत चालली आहे. एके दिवशी हत्तीमागून ते चालू लागतात आणि हरवतात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखी सांभाळते, जेवू घालते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. त्याहून मला मोलाची वाटते ती शास्त्र्यांची मुलगी इरा. वडिलांवर तिचे प्रेम आहे आणि ती दमलेली आहे. दोन्ही एकाच चेहऱ्यावर दिसते. दमणे म्हणजे प्रेम आटणे नव्हे, हे मराठी पडद्यावर इतक्या स्पष्टपणे क्वचितच आले असेल.

तरीसुद्धा एक गोष्ट मनात राहते. 'नटसम्राट'मध्ये राजा, 'अस्तु'मध्ये चन्नम्मा: कृतीने सेवा करणारा माणूस आमचे लेखक घराबाहेरून का आणतात? मला वाटते, परक्याची सेवा हे दान असते आणि दानाची गोष्ट होते. घरच्याची सेवा हे देणे असते. देणे फेडले तर त्यात सांगण्यासारखे काही नाही, आणि थकवले तर मात्र तीन अंकी नाटक होते. म्हणून न फेडणारी सून वाङ्मयात सर्वत्र भेटते. फेडणारी सून भेटत नाही; ती स्वयंपाकघरात असते.

कायद्यातही तिची अशीच गंमत झाली आहे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली झाला. त्यात 'अपत्ये' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सुनेचे नाव त्या व्याख्येत नव्हते. आणि घरोघरी उशापाशी बसलेली मात्र तीच. त्या कायद्याने 'चरितार्थ' या शब्दात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार घातले. ते देण्याचा हुकूम करता येतो. पाठीला साबण लावण्याचा हुकूम कोणते न्यायाधिकरण करणार? जिथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तिथे वाङ्मयाने पोहोचावे, ही अपेक्षा काही अवाजवी नाही. २०११च्या जनगणनेत भारतात साठीपुढची माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती. एवढ्या माणसांपैकी कितीतरी कुणाच्या ना कुणाच्या हाताने जेवत असणार, आणि त्या हातांची गोष्ट कुठेतरी लिहिली जायलाच हवी.

मी शाळामास्तर आहे, म्हणून वर्गातला एक दाखला देतो. 'माझी आजी' या विषयावर मुले दरवर्षी निबंध लिहितात. आजी गोष्टी सांगते, आजी लाडू देते, आजी देवळात जाते. शंभर वह्यांत एकच आजी. एकदा एका मुलीने लिहिले होते की, आजीची कवळी रात्री पाण्यात ठेवायचे काम माझ्याकडे आहे आणि सकाळी ती परत दिल्याशिवाय आजी माझ्याशी बोलत नाही, कारण तिला लाज वाटते. निबंधात शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. पण त्या एका वाक्यात आजी होती, नात होती, आणि दोघींमधले नातेही होते. आमच्या नामांकित लेखकांना मी हेच मागतो आहे.

कादंबरी लिहिणारा म्हणून यातली अडचण मी जाणतो. मरण लिहिणे सोपे आहे. ते एकदाच येते. अंघोळ रोज येते, आणि रोज येणारी गोष्ट कथानकात बसत नाही. शिवाय ज्या मुलाला वडिलांनी न्हाऊ घातले त्याने वडिलांना न्हाऊ घालायचे, यात दोघांचाही संकोच असतो. तो संकोच झाकावा असे लेखकालाही वाटते. परंतु वाङ्मयाचे खरे द्रव्य तिथेच आहे. मुलासमोर धोतर सोडताना बापाच्या मनात काय होते, आणि नजर कुठे ठेवावी हे त्या मुलाला कसे सुचते, हे ज्याला लिहिता येईल त्याला स्वगताची गरज पडणार नाही.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरात अभ्यंगस्नानाची तयारी चालू असेल. नरकचतुर्दशीला पहाटे तेल-उटणे लावून न्हाणे ही आपली परंपरा. लहानांना मोठ्यांनी तेल लावावे हा रिवाज. ज्या घरात आता मोठ्यांनाच कुणी तरी तेल लावते, कोमट पाण्याचा तांब्या हळूच खांद्यावर ओतते, पाट घसरू नये म्हणून पाय लावून धरते, त्या घरातल्या त्या व्यक्तीला मराठी वाङ्मयाने अजून नीट पाहिलेले नाही. ती बहुधा हा लेखही वाचणार नाही. तिला वेळ नसेल. तिचा हात मोकळा होईल तेव्हा दुसऱ्या कुणी तो तिला वाचून दाखवावा, आणि तो वाचून होईपर्यंत तिच्या वाटचे काम आपण करावे.