सोयीचा युक्तिवाद

रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावरचे बहुतेक लेखन त्यांनी सोसलेल्या हालांभोवती फिरते. संततिनियमनाचा प्रचार की प्राध्यापकी, असा प्रश्न आला तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दंड झालाच. हा त्याग मोठा आहे. पण मला त्यांची तत्त्वनिष्ठा नोकरी सोडण्यापेक्षाही त्यांच्या युक्तिवादात अधिक दिसते.

संततिनियमनाच्या बाजूने सांगता येण्याजोगी सोयीची कारणे त्या काळीही होती: घरातले दारिद्र्य, बाळंतपणांनी खंगलेली आई, खाणारी वाढती तोंडे. कर्व्यांनीही ती दिली. मात्र ते तिथे थांबले नाहीत. कामसुख पाप नव्हे, त्यावर स्त्रीचाही पुरुषाइतकाच हक्क आहे आणि मूल हवे की नको हे ठरवण्याचा अधिकार तिचा आहे, असे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. वाचकांच्या लैंगिक शंकांनाही तशीच उघड उत्तरे दिली. १९३४ चा खटला अशाच उत्तरांवरून उभा राहिला.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कार्य महत्त्वाचे असेल, तर लोकांना पचेल तेवढेच सांगावे. उरलेले पुढच्या पिढीवर सोपवावे. शिवाय कर्व्यांचा उपरोध मलाही काही ठिकाणी अनाठायी वाटतो; जवळ येऊ पाहणारा वाचकही त्याने दुरावला असेल.

पण सोयीच्या युक्तिवादाचे पुढे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. १९५२ मध्ये कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम झाला. लोकसंख्येचे कारण सर्वमान्य ठरले. स्त्रीची इच्छा आणि तिचे सुख मागे पडले. आणीबाणीत नसबंदीचे लक्ष्यांक ठरले, सक्ती झाली. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, इतकेच.

संख्या कमी करणे हेच कारण असेल, तर सक्ती गैर का, याचे उत्तर त्या कारणात सापडत नाही. ते कर्व्यांच्या भूमिकेत सापडते. शरीर ज्याचे, निर्णय त्याचा, हे एकदा मान्य केले की मूल लादणे आणि नसबंदी लादणे, दोन्ही सारखेच अन्यायाचे ठरते.

तत्त्व सोडून केवळ सोय पाहिली की काम लवकर होते, हे खरे. पण ते काम कोणासाठी होते, हेच नंतर विसरले जाते. कर्व्यांनी ते विसरू दिले नाही. त्यांच्या हालअपेष्टांचे गोडवे गाण्यापेक्षा त्यांचा हा युक्तिवाद समजून घेणे मला अधिक निकडीचे वाटते.