अस्थिमज्जेबाहेरील गाठी आणि तीव्र रक्तकर्करोगाचे जनुकीय वर्गीकरण : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
'रक्ताचा कर्करोग' या शब्दप्रयोगामुळे हा रोग केवळ रक्त व अस्थिमज्जा यांपुरताच मर्यादित असतो, असा समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगाच्या काही रुग्णांत अपक्व पेशी डोळ्याची खोबण, त्वचा, मणका, आतडे अशा ठिकाणी साचून गाठ निर्माण करतात. तिला 'मायलॉइड सार्कोमा' म्हणतात. १८११ मध्ये ॲलन बर्न्स यांनी अशा गाठीचे वर्णन केले. मायलोपेरॉक्सिडेज या विकरामुळे ती हिरवट दिसते, म्हणून १८५३ मध्ये किंग यांनी तिला 'क्लोरोमा' हे नाव दिले. प्रस्तुत लेखात आधुनिक वर्गीकरणाने या गाठीला दिलेल्या स्थानाची चिकित्सा केली आहे.

वर्गीकरणाचे सामर्थ्य :
१९७६ च्या वर्गीकरणाचा आधार सूक्ष्मदर्शकातून दिसणारे पेशींचे रूप हा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये जनुकीय बदलांना प्राधान्य दिले. त्यामुळे गाठीच्या जागेचाही काही उलगडा होऊ लागला. ८ व २१ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेल्या प्रकारात, विशेषतः मुलांमध्ये, डोळ्याच्या खोबणीत गाठ आढळते. १६ व्या गुणसूत्रातील उलटापालटीचा संबंध आतड्यातील गाठींशी, तर केएमटी२ए जनुकातील बदलाचा संबंध तान्ह्या बालकांच्या त्वचेवरील गाठींशी दिसतो. रोगाचे बाह्य रूप आणि त्याचे मूळ यांना जोडणारी ही मांडणी निश्चितच मोलाची आहे.

वर्गीकरणाच्या मर्यादा :
तथापि, या मांडणीत एक विसंगती आहे. इतर बहुतेक प्रकार जनुकावरून ओळखले जात असताना मायलॉइड सार्कोमा मात्र केवळ जागेवरून वेगळा गणला जातो. २०२२ च्या पाचव्या आवृत्तीतही त्याचे स्थान स्वतंत्रच आहे. दुसरी बाब धोक्याच्या मोजमापाची. युरोपियन ल्युकेमियानेटच्या २०२२ च्या शिफारशींत उपरोक्त दोन्ही गुणसूत्रीय प्रकार 'अनुकूल' गटात मोडतात. गाठ असण्या-नसण्याने हा गट बदलत नाही. १९९७ मधील एका अमेरिकी अभ्यासात ८-२१ प्रकारात गाठ असलेल्या रुग्णांची स्थिती प्रतिकूल आढळली होती. उलट, २०१६ मध्ये ३,२४० प्रौढ रुग्णांच्या विश्लेषणात २३.७ टक्के रुग्णांत अस्थिमज्जेबाहेर रोग आढळला, परंतु त्याचा आयुर्मानावर स्वतंत्र परिणाम दिसला नाही. मात्र या दुसऱ्या विश्लेषणात वाढलेल्या लसिका ग्रंथी, प्लीहा व यकृत यांचाही समावेश होता. तेव्हा दोन्ही निष्कर्षांतील विरोध काही अंशी व्याख्येचाच आहे, असे म्हणता येते.

हिंगोलीचा संदर्भ :
१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. जनुकीय तपासण्या प्रामुख्याने मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत होतात. औंढा नागनाथ किंवा सेनगाव तालुक्यातील एखाद्या मुलाचा डोळा पुढे आला, तर पालक प्रथम डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच जाणार, हे स्वाभाविक आहे. अशा वेळी रक्ततपासणी सामान्यही असू शकते, आणि गाठीचा तुकडा लसिका ग्रंथींचा कर्करोग समजला जाण्याचा धोका असतो. गाठ काढली म्हणजे रोग संपला, ही समजूत तर अधिक घातक ठरते. कारण केवळ गाठ असलेल्या रुग्णालाही रक्तकर्करोगाचेच औषधोपचार न मिळाल्यास बहुधा काही महिन्यांतच रोग अस्थिमज्जेत प्रकट होतो.

येथे एक व्यवहार्य मार्ग उपलब्ध आहे. मेणाच्या ठोकळ्यात जतन केलेला गाठीचा तुकडा बर्फाविना दूरच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. त्यावर मायलोपेरॉक्सिडेजची तपासणी होते, एनपीएम१ जनुकातील बदलाचा मागही रंजनाने घेता येतो आणि गुणसूत्रांची अदलाबदलही शोधता येते. रुग्णाने मोठ्या शहरात पोहोचण्याआधी त्याच्या गाठीचा तुकडा तेथे पोहोचू शकतो.

निष्कर्ष :
जनुकीय वर्गीकरण चुकीचे नाही, ते अपुरे आहे. प्रयोगशाळेत पोहोचलेल्या रुग्णाचे ते अचूक वर्णन करते. तेथवर न पोहोचलेल्या रुग्णाविषयी ते मौन बाळगते. डोळा, हिरडी वा त्वचा यांवरील न उलगडणाऱ्या गाठीमागे रक्तकर्करोग असू शकतो, ही शंका जिल्हा पातळीवरील वैद्यकीय शिक्षणात रुजवणे, हेच या वर्गीकरणाचे खरे उपयोजन ठरेल.