समुद्रयान आणि ‘म्हादेई’

आम्ही खजुरीचे, म्हणजे काळ्या मातीतले. तुरीच्या आणि जोंधळ्याच्या शिवारापलीकडे आमचे जलदर्शन ते गाणगापूरच्या भीमा-अमरजा संगमापुरते. अशा वाचकाने कमांडर दिलीप दोंदे यांच्या ‘द फर्स्ट इंडियन’ या इंग्रजी पुस्तकावर अभिप्राय द्यावा, हे धारिष्ट्यच म्हणावयाचे. परंतु ते हाती घेण्यास आमच्यापाशी एक जुने कारण होते. आमच्या आजोळी विलायतेहून परतलेल्या एका पूर्वजाला प्रायश्चित्त घेऊनही पंक्तीत बसू दिले नाही, ही कथा आम्ही लहानपणी ऐकली होती.

त्या बहिष्काराला आधार कोणता, हे आम्ही पुढे वकिली सवयीने पाहिले. बौधायनाने समुद्रयान पतनीय कर्मांत गणले आहे खरे. पण त्यानेच ते उत्तरेकडील लोकांचा आचार म्हणूनही सांगितले आहे. कलिवर्ज्यांच्या यादीत तर नौकेने समुद्रगमन केलेल्या द्विजाला शुद्धीनंतरही व्यवहारात घेऊ नये असे येते. महामहोपाध्याय काणे यांनी (तेही वकीलच) आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात कलिवर्ज्यांचा विस्ताराने ऊहापोह केला आहे. जे कोणी करीतच नाही त्याचा निषेध लिहून ठेवण्याची तसदी कोण घेईल, एवढेच आमचे म्हणणे.

दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली व केपटाऊन असे चार मुक्काम करून मे २०१० मध्ये परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. मूळ कल्पना निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. नौकेला ‘म्हादेई’ हे नदीचे नाव दिले. ही नदी आमच्याच राज्यात, खानापूर तालुक्यात उगम पावते आणि गोव्यात मांडवी होते. तिच्या पाण्यावरून राज्ये भांडत राहिली, नाव मात्र जगभर फिरून आले.

पुस्तकाचा खरा जीव आम्हांस प्रवासाआधीच्या भागात आढळला. छप्पन्न फुटी नौका, आराखडा डच, बांधणी दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात. आणि अशी नौका त्यांनी पूर्वी कधी बांधलेली नव्हती. लाकूड, राळ, डोलकाठी, सरकारी कागद यांच्याशी झालेली झुंज दोंदे मिस्कीलपणे सांगतात. आमच्या कोंकणी वाचकांनी ही प्रकरणे अवश्य पाहावीत. आपल्याकडे पराक्रमाच्या पोथीत सुताराला जागा नसते. येथे ती आहे.

समुद्रावरील प्रकरणे मात्र रोजनिशीच्या वळणाने जातात. वारा इतका, शीड इतके, बिघाड अमुक. साक्षीदार म्हणून दोंदे उत्तम. पाहिले तेवढेच सांगतात, फुगवीत नाहीत. पण केप हॉर्नच्या थंड लाटांत एकटा माणूस रात्री स्वतःशी काय बोलला, हे विचारले की साक्षीदार गप्प बसतो. हा संयम सैनिकाला शोभतो, लेखकाला तितकासा नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये न थांबता एकट्याने पहिली प्रदक्षिणा केली, ती ‘सुहैली’ही मुंबईतच सागवानात बांधलेली होती. त्या ३१२ दिवसांच्या वृत्तान्तात माणूस अधिक उघडा पडतो.

पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी याच ‘म्हादेई’तून न थांबता फिरून आले, आणि २०१७-१८ मध्ये नौदलातील सहा स्त्रिया ‘तारिणी’तून. तीही दांडेकरांचीच, नाव ओडिशातील तारा-तारिणी या देवीचे.

आमची प्रत सध्या देवळातील एका वृद्ध गृहस्थांकडे आहे. बौधायनाविषयी त्यांनी अवाक्षर काढले नाही. एकटा माणूस झोपतो केव्हा, एवढेच विचारले. वाऱ्याच्या दिशेवर चालणारे यंत्र सुकाणू धरते आणि खलाशी थोडा थोडा वेळ डुलकी घेतो, असे आम्ही सांगितले. ‘आणि समोरून जहाज आले तर?’ असे म्हणून त्यांनी पुस्तक पुन्हा उघडले.