टर्की आणि वेतन

चार्ल्स डिकन्सची 'ए ख्रिसमस कॅरल' ही दीर्घकथा १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडन येथे प्रसिद्ध झाली आणि तिच्या पहिल्या ६,००० प्रती नाताळच्या पूर्वसंध्येपर्यंत संपल्या. रंगीत चित्रांनी नटलेले, ५ शिलिंग किमतीचे हे पुस्तक नाताळच्या बाजारातील एक मोहक वस्तूच होते. कथेतील कारकून बॉब क्रॅचिट याला आठवड्याला १५ शिलिंग मिळतात. स्वतःचीच कथा विकत घ्यावयाची तर त्याला कमाईचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता! ही विसंगती ध्यानात ठेवूनच या कथेचा विचार केला पाहिजे.

कथानक सर्वपरिचित आहे. पैशापलीकडे काही न जाणणारा स्क्रूज, मृत भागीदार मार्लीचे भूत, पाठोपाठ येणारे तीन आत्मे आणि सकाळी झालेला हृदयपालट. सामान्यतः वाचकांच्या मनात घर करून राहते ती बॉबच्या घरी पाठविलेली भली थोरली टर्की.

या नाताळात ख्रिस्त कोठे आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. खाणेपिणे, नाचगाणे यांची वर्णने पानोपानी आहेत; गव्हाणी मात्र शोधावी लागते. तरीही ती तेथे आहे. ज्ञानी पुरुषांना एका दरिद्री घराकडे नेणाऱ्या ताऱ्याकडे आपण कधी मान वर करून पाहिले नाही, याचा मार्लीच्या भुताला पश्चात्ताप होतो. पंगू टायनी टिमला वाटते की, चर्चमध्ये आपल्याला पाहून लोकांना लंगड्यांना चालविणाऱ्या आणि आंधळ्यांना दृष्टी देणाऱ्याचे स्मरण व्हावे. डिकन्सचा तारा दुकानांवर थांबत नाही, गरिबाच्या उंबरठ्यावर थांबतो.

माझ्या मते कथेचा खरा शेवट टर्की नव्हे. ती नाताळच्या सकाळी जाते. दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, बॉब उशिरा कामावर येतो आणि स्क्रूज त्याचे वेतन वाढवितो. टर्की एका जेवणात संपते. वेतनवाढ मात्र दर आठवड्याला स्क्रूजच्या खिशाला जाणवणार असते. परमेश्वराने आपल्याला वरून एखादी भेटवस्तू पाठविली नाही. तो स्वतः देह धारण करून आपल्यांत वस्तीस आला. देहधारणेचे रहस्य टर्कीपेक्षा वेतनाच्या अधिक जवळ आहे ते यामुळेच. बाजाराने मात्र कथेतील टर्की उचलली आणि वेतन तेथेच सोडून दिले, कारण टर्की विकता येते.

डिकन्सची मर्यादाही येथेच आहे. बॉबची वेतनवाढ हा त्याचा हक्क ठरत नाही, ती बदललेल्या मालकाची मेहेरबानी राहते. स्क्रूजला स्वप्न पडले नसते तर बॉबने काय करावे, याचे उत्तर कथेत नाही. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात, काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह होईल एवढे वेतन हा न्यायाचा प्रश्न आहे, असे स्पष्ट केले. मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी परमेश्वरापाशी आक्रोश करते, असे संत याकोबाचे पत्र तर केव्हाच बजावून गेले आहे.

आपल्या धर्मग्रामांतही गोठे सजतात, तारे लागतात, शेजारीपाजारी फराळाची ताटे जातात. हे सारे सुंदर आहे, ते थांबू नये. पण घरकाम करणाऱ्या बाईला केकचा तुकडा देणारे आपले हात तिच्या पगाराचा विषय निघाला की का आखडतात? धर्मगुरू म्हणून हा प्रश्न मी प्रथम स्वतःला विचारतो, कारण चर्चच्या आवारातही पगारावर राबणारी माणसे आहेत. यंदा ही कथा पुन्हा वाचताना टर्कीपाशी पुस्तक मिटू नये. पुढची दोन पाने २६ डिसेंबरची आहेत.