तज्ज्ञांचे एकमत आणि कडेचा माणूस

'यावर तज्ज्ञांचे एकमत आहे' असे कोणी म्हटले की आपल्याकडे चर्चा थांबते. पूर्वी शास्त्राधार दाखवून तोंडे बंद केली जात; आज अहवाल दाखवून केली जातात. म्हणून हे एकमत घडते कसे, हे चळवळीतल्या माणसाने तपासलेच पाहिजे, असे मला वाटते. येथे डेल्फी पद्धतीचा विचार करू.

ग्रीसमधील डेल्फीच्या मंदिरात कौल मिळत असे. नाव तेथून आले. पद्धत मात्र अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनमध्ये, लष्करी गरजेतून जन्मली. नॉर्मन डाल्की आणि ओलाफ हेल्मर यांनी सात तज्ज्ञांना विचारले : सोव्हिएत नियोजकाच्या नजरेने पाहता अमेरिकेचे शस्त्रोत्पादन ठरावीक प्रमाणात घटवायला किती अणुबाँब लागतील? पाच वेळा प्रश्नावली फिरली. आरंभी उत्तरे ५० पासून ५,००० पर्यंत पसरली होती. अखेरीस सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या आकड्यांत सुमारे दुपटीचेच अंतर उरले. १९५० च्या दशकारंभीचा हा प्रयोग गुप्ततेमुळे १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या कारखान्यांवर हे कल्पित बाँब पडणार होते, तेथल्या कामगाराला या सातांत जागा नव्हती.

या पद्धतीचा एक गुण मी मोकळेपणाने मान्य करतो. मत देणाऱ्याचे नाव इतरांना कळत नाही. ज्या समाजात आडनाव ऐकताच मताचे वजन ठरते, तेथे हे लहान पाऊल नव्हे. पण नाव झाकले म्हणून निवड झाकली जात नाही. तज्ज्ञ कोण, हे आधीच कोणीतरी ठरवलेले असते, आणि प्रश्नही त्यानेच लिहिलेले असतात.

दुसरा दोष अधिक खोल आहे. पुढे रूढ झालेल्या रीतीत मधल्या पट्ट्याबाहेर उत्तर देणाऱ्याला कारणे मागितली जातात. मधल्यांना कोणी जाब विचारत नाही. म्हणजे सिद्ध करण्याचा भार कडेच्या माणसावर! वेशीबाहेरच्या माणसाला हा न्याय परिचयाचा आहे. शिवाय उत्तरे जवळ आली म्हणजे ती खरी ठरली, असे होत नाही. रँडमधल्याच हॅरोल्ड सॅकमन यांनी १९७४ मध्ये या पद्धतीवर कठोर टीका केली, ती याच अंगाने.

मग ही पद्धत टाकून द्यायची काय? मला तसे वाटत नाही. संधिवाताच्या उपचारांच्या चाचण्यांत काय मोजावे, यावर एकमत घडवण्यासाठी १९९२ पासून 'ओमेरॅक्ट' या आंतरराष्ट्रीय परिषदा भरू लागल्या. २००२ मध्ये तेथे रुग्णांना सहभागी करून घेतले गेले. त्यांनी थकव्याचा प्रश्न पुढे आणला. डॉक्टरांच्या मूळ यादीत तो नव्हता. भोगणारा आत आला, आणि प्रश्नच बदलला. अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यांनीच केले पाहिजे, हे बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे मांडले होते, त्यामागे हीच जाण आहे.

हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध आपल्या देशात १९९३ मध्ये कायदा झाला आणि २०१३ मध्ये पुन्हा करावा लागला. ही प्रथा कधी संपेल, असा अंदाज उद्या कोणी मागवला, तर गटारात उतरणारा माणूस त्या यादीत कोठे असेल? 'माहिती देणारा' म्हणून, की तज्ज्ञ म्हणून?

मरी टुरॉफ यांनी १९७० मध्ये डेल्फीचा वेगळा प्रकार सुचवला. धोरणाच्या प्रश्नात एकमत हे ध्येय न मानता परस्परविरोधी मते त्यांच्या कारणांसह उजेडात आणावीत, असा त्याचा रोख. आपल्या उपयोगाची डेल्फी ती हीच. तेव्हा विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी कोणताही अहवाल हाती घेतल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात : प्रश्न कोणी लिहिले, कोणाला विचारले, आणि कडेचे मत त्याच्या कारणांसह छापले आहे की सरासरीत बुडवले आहे. तिसऱ्याचे उत्तर मिळत नसेल, तर त्या एकमताला ज्ञान म्हणू नये. तो कौलच.