पूजास्थानाचे दर्शन आणि समीक्षेची दृष्टी : जुने गोवे, वसई आणि पळसदेव

इंदापूर तालुक्यात पळसदेव या नावाची दोन स्थळे आहेत. एक पुणे-सोलापूर महामार्गालगतचे नांदते गाव. दुसरे भीमेच्या जुन्या काठावरचे, १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात गेलेले. पहिल्यात माणसे राहतात आणि पळसनाथाची पूजा चालते. दुसऱ्यात पळसनाथाचे जुने देऊळ उभे आहे. देऊळ पाहावयास निघालेला अभ्यासक साहजिकच दुसऱ्या स्थळाकडे वळतो आणि पहिल्याकडे वाट विचारण्यापुरते पाहतो. आपल्या स्थलवर्णनपर लेखनात हा क्रम इतका रूढ झाला आहे की, तो कोणास खटकतही नाही. तो खटकावा, आणि का खटकावा, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जुन्या पूजास्थानांवरील मराठी लेखन सामान्यतः दोन प्रकारांत विभागता येते. पहिल्यात शैलीची नोंद असते : तलविन्यास, मंडपाचे खांब, शिखराची घडण, अलंकरण, काल. दुसऱ्यात वैभव लोपल्याचा शोक असतो : येथे एके काळी घंटा निनादत होत्या, आज पाखरे आहेत. पहिला प्रकार शास्त्रीय आणि दुसरा ललित, असे मानण्याची रीत आहे. वस्तुतः दोघांचे गृहीत एकच आहे. ते असे की, पूजास्थान म्हणजे त्याची वास्तू. वास्तू उभी असेल तर स्थान आहे, ती मोडली तर स्थान गेले. या गृहीताची परीक्षा करावयाची तर ते ज्या वर्गातील वास्तूंना सर्वांत अधिक लागू पडेल असे वाटते, तेथूनच आरंभ करणे इष्ट. तटबंदीच्या जुन्या नगरातील भव्य कॅथीड्रल हा तो वर्ग होय. महाराष्ट्राच्या आणि गोमंतकाच्या किनाऱ्यावर त्याची दोन ठळक उदाहरणे आहेत; आणि पळसदेवचा प्रश्न त्यांच्या शेजारी ठेवला असता अधिक स्पष्ट होतो.

प्रथम शब्दाचा विचार करू. कॅथीड्रल म्हणजे मोठे चर्च, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु मूळ शब्दाचा अर्थ आसन असा आहे. ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते ते कॅथीड्रल. पोर्तुगीज भाषेत त्यास ‘से’ म्हणतात आणि तो शब्दही आसनवाचक लॅटिन शब्दापासूनच आला आहे. म्हणजे हे नाव आकाराचे किंवा शैलीचे वाचक नसून अधिकाराचे आणि संबंधाचे वाचक आहे. आपल्याकडील ‘पीठ’ आणि ‘गादी’ हे शब्द त्यास अधिक जवळचे आहेत. आसन उचलले गेले तर वास्तू तीच राहूनही ती कॅथीड्रल राहत नाही. वास्तू हीच स्थान, हे गृहीत या एका शब्दापाशीच डळमळू लागते.

जुन्या गोव्याचे से कॅथीड्रल पाहा. अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरिनच्या दिवशी, हे शहर आदिलशाहीकडून जिंकले, आणि कॅथीड्रल त्याच संताला अर्पण केले गेले. विजयाची तिथी अशा रीतीने नित्य उपासनेत गोवली गेली. बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले आणि मुख्य इमारत १६१९ मध्ये पुरी झाली. बाहेरून टस्कन पद्धतीचा साधेपणा आणि आत कोरिंथियन पद्धतीचे स्तंभ, अशी तिची घडण आहे. दर्शनी बाजूस मुळात दोन मनोरे होते. त्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा बांधण्यात आला नाही. उरलेल्या मनोऱ्यात ‘सुवर्णघंटा’ म्हणून प्रसिद्ध असलेली घंटा आहे.

परंतु दर्शनी बाजूची ही विषमता पाहून जो समीक्षक ‘भग्न वैभव’ असा शेरा मारतो, त्याची नजर चुकीच्या जागी पडली आहे. कोसळले ते शहर. साथीच्या रोगांनी वस्ती ओसरत गेली, १७५९ मध्ये व्हाइसरॉय तेथून निघाले, आणि १८४३ मध्ये पणजी ही अधिकृत राजधानी झाली. तटबंदीच्या आतली घरे, बाजार आणि वाडे नाहीसे झाले. तरी से कॅथीड्रलमध्ये उपासना चालू राहिली. येथे वास्तू आणि उपासना टिकल्या, वस्ती गेली. १९८६ मध्ये युनेस्कोने गोव्याच्या चर्चवास्तूंना जागतिक वारशाचा दर्जा दिला. आज तेथे जाणाऱ्यास जे रिकामेपण जाणवते ते चर्चचे नव्हे, चर्चभोवतीचे आहे. आणि हा भेद नोंदविल्यावाचून त्या वास्तूचे कोणतेही वर्णन खरे ठरणार नाही.

मराठीच्या अभ्यासकास येथे आणखी एक गोष्ट दिसावयास हवी. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले, आणि से कॅथीड्रलची इमारत पुरी झाली त्याच वर्षी, १६१९ मध्ये, स्टीफन्स निवर्तले. एकाच पिढीत एका बाजूस युरोपीय धाटणीचे कॅथीड्रल उभे राहत होते आणि दुसऱ्या बाजूस तोच धर्म मराठी ओवीत उतरत होता. दगडी वास्तूने स्थानिक परंपरेस फारसे दार उघडले नाही, ग्रंथाने उघडले. उपासना कोठे वसते, या प्रश्नाचे उत्तर केवळ दगडात शोधणाऱ्यास हा दुसरा प्रवाह दिसतच नाही.

वसईची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे आली आणि तटाच्या आत एक संपूर्ण नगर वसले. तेथील संत जोसेफचे चर्च १५४६ मधील. १६०१ मध्ये, गोव्याचे आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांच्या कारकिर्दीत, त्याचा विस्तार झाला. आजही त्याचा मनोरा किल्ल्यात दुरून दिसतो. प्रवासवर्णनांत त्यास सर्रास कॅथीड्रल म्हटले जाते. परंतु त्या काळी वसई गोव्याच्या आर्चबिशपच्या अधिकाराखाली होती. तिचे स्वतंत्र पीठ नव्हते. काटेकोरपणे बोलावयाचे तर ते नगराचे मुख्य चर्च होते, कॅथीड्रल नव्हे.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसई पडली. पोर्तुगीज निघून गेले, छपरे ढासळली, आणि चर्चमधील घंटा मराठी मुलखात आल्या. नाशिकचे नारोशंकराचे देऊळ, नसरापूरजवळील बनेश्वर आणि भीमाशंकर येथील घंटा वसईच्या मोहिमेतून आल्या, अशी परंपरा आहे; त्यांवर अनुक्रमे १७२१, १६८३ आणि १७२९ ही ख्रिस्ती साले आहेत. या घंटांकडे विजयचिन्हे म्हणून पाहता येते, आणि तसे पाहणे चूक नाही. तथापि त्या शस्त्रागारात किंवा वाड्यात न ठेवता देवळात टांगल्या गेल्या, हेही तितकेच खरे. ज्या कामासाठी त्या ओतल्या गेल्या, त्याच जातीच्या कामाला त्या पुन्हा लागल्या.

वसईवरील शोकपर लेखनातून एक गोष्ट मात्र हटकून सुटते. किल्ल्यातील चर्च ओस पडले म्हणून वसईची ख्रिस्ती उपासना संपली नाही. तटाबाहेरच्या गावांतील समाज तेथेच राहिला आणि त्याने आपली चर्चे राखली. १९९८ मध्ये वसईचे स्वतंत्र धर्मपीठ स्थापन झाले, तेव्हा त्याचे कॅथीड्रल किल्ल्यात नव्हे, तर पापडी येथील चर्चमध्ये झाले. म्हणजे वसईला खऱ्या अर्थाने कॅथीड्रल मिळाले ते नगर मोडल्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी आणि तटबंदीच्या बाहेर. भग्न मनोऱ्याखाली उभे राहून ‘सारे संपले’ असे लिहिणाऱ्याने काही मैलांवरील नांदत्या चर्चकडे पाठ फिरविलेली असते.

वसईकडून बारामती-इंदापूरकडे येताना एक दुवा सहज हाती येतो. चिमाजी अप्पांची बहीण भिऊबाई बारामतीच्या नाईक-जोशी घराण्यात, बाबूजी नाईकांचे बंधू आबाजी यांस दिली होती. याच बाबूजी नाईकांच्या आश्रयाने मोरोपंत (१७२९-१७९४) बारामतीस पुराणिक म्हणून राहिले आणि तेथेच निवर्तले. मोरोपंतांच्या वाट्याला आलेली समीक्षा आपल्या विषयाशी संबंधित आहे. त्यांच्या आर्यांतील यमके, संस्कृत शब्दकळा आणि रचनाचातुर्य यांची मोजदाद पुष्कळ झाली. त्यावरून त्यांस कवी म्हणावे की पंडित, हा वादही पुष्कळ झाला. परंतु पुराण सांगणारा वक्ता आणि समोर बसलेला श्रोतृसमुदाय हा त्या रचनेचा परिसर होता, याचा विचार त्या मानाने कमी झाला. श्रोते वजा करून आर्या वाचणे आणि वस्ती वजा करून देऊळ पाहणे हे एकाच जातीचे दोष आहेत.

आता पळसदेवकडे वळू. जुन्या देवळाची बांधणी खाली दगडी असून वर विटांचे उंच शिखर आहे. पळसदेव येथील शके १०७९ चा, म्हणजे इ. स. ११५७ चा, शिलालेख प्राचीन मराठी कोरीव लेखांत गणला जातो. त्यात चंगदेव दंडनायकाचा उल्लेख आहे. म्हणजे नदीकाठचे हे ठिकाण बाराव्या शतकातच सत्ताधाऱ्यांच्या नजरेत होते. गोव्याच्या कॅथीड्रलप्रमाणे येथेही सत्ता आणि पूजा परस्परांपासून दूर नव्हत्या. धरणाचे पाणी चढले तेव्हा गाव उठले. गावाबरोबर देवाचे ठाणेही नव्या गावठाणात गेले. मागे वास्तू राहिली. जलाशयाची पातळी उतरेल तसतशी ती उघडी पडते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती अशी उघडी पडली, तेव्हा पाहणाऱ्यांची रीघ लागली.

या प्रकाराची तुलना इजिप्तमधील अबू सिंबेलशी करण्याचा मोह होतो. आस्वानच्या उंच धरणाच्या पाण्यातून ती लेणी १९६४ ते १९६८ या काळात कापून, तुकडे वर नेऊन पुन्हा जोडण्यात आली. परंतु तुलना केली की दोन्ही उदाहरणांतील उलटा क्रम ध्यानात येतो. अबू सिंबेल येथे दगड हलले. तेथील उपासना फार पूर्वीच संपली होती. पळसदेव येथे उपासना हलली. दगड जागीच राहिले. पहिल्या प्रसंगी जगाने वारसा वाचविल्याचे समाधान मानले. दुसऱ्या प्रसंगी गावकऱ्यांनी जे वाचविले त्यास वारसा म्हणावयास आपली परिभाषा तयार नाही. नव्या गावातील देऊळ ‘अर्वाचीन’ या एका शब्दाने वगळले जाते.

यावर असा आक्षेप येईल की, उपासना हा वास्तुसमीक्षेचा विषयच नव्हे. शिखराची घडण पूजा चालू असली वा नसली तरी तीच राहते. आक्षेपात तथ्य आहे. मंदिराचा काल ठरविताना किंवा विटांच्या शिखराची इतर शिखरांशी तुलना करताना नव्या गावठाणाचा उल्लेख आवश्यक नाही, आणि शैलीच्या शिस्तबद्ध अभ्यासास भावविवशतेने विटाळू नये. परंतु ज्या क्षणी तोच लेखक ‘लुप्त’, ‘विस्मृत’, ‘जलसमाधी मिळालेले’ अशी विशेषणे वापरतो, त्या क्षणी तो शैलीच्या क्षेत्रातून बाहेर पडून स्थानाच्या इतिहासाविषयी विधान करीत असतो. त्या विधानास मग पुरावा द्यावा लागेल. आणि महामार्गालगतचे गाव त्याविरुद्ध साक्ष देत उभे आहे.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. ज्यांनी जमीन, घरे आणि नदीकाठ सोडला त्यांच्याविषयी आपण काय लिहितो, याचा हा प्रश्न आहे. ‘बुडालेले पळसदेव’ असे लिहिणारा अभ्यासक नकळत त्या गावास मृत ठरवितो आणि गावकऱ्यांस आपल्याच देवळाचे उपरे शेजारी करून सोडतो. उद्या जुन्या वास्तूच्या डागडुजीचा किंवा दगड हलविण्याचा विचार झाला, तर तो कोणाच्या नावाने व्हावा, याचे उत्तरही अशा लेखनातूनच घडत जाते.

तेव्हा पूजास्थानावर लिहिणाऱ्याने वास्तू, वस्ती आणि उपासना या तिहींची स्वतंत्र विचारपूस करावी : प्रत्येक केव्हा सुरू झाली, कोठे गेली, आज कोणाच्या हाती आहे. जुन्या गोव्यात वस्ती गेली. वसईत वास्तू ओस पडून उपासना तटाबाहेर नांदली. पळसदेवात वस्ती आणि उपासना यांनी मिळून वास्तू सोडली. तिन्ही ठिकाणी ‘भग्नावशेष’ हा एकच शब्द वापरला तर हे भेद पुसले जातात. आपल्या विभागातील जे विद्यार्थी उन्हाळ्यात जलाशय उतरल्यावर पळसदेवचे मोजमाप घ्यावयास जातील, त्यांनी शिखराच्या विटांची नोंद अवश्य करावी. त्याबरोबरच नव्या गावात देव कोणत्या साली आला, कोणी आणला, जुन्या देवळातील काय बरोबर आले आणि काय तेथेच राहिले, हे तेथील वृद्धांकडून लिहून घ्यावे. विटा आणखी काही काळ पाण्यात टिकतील. ज्यांनी ते स्थलांतर स्वतः केले ती माणसे आता थोडी उरली आहेत.