बारा वेशींचे नगर

चकली-चिवड्याच्या ताटाशेजारी जगबुडीची गोष्ट कशाला, असा प्रश्न या लेखाचा विषय पाहून एखाद्या वाचकाच्या मनात येईल. सणासुदीला अभद्र बोलू नये, हा आपल्याकडचा संकेतच आहे. परंतु ज्या ग्रंथाविषयी येथे लिहावयाचे आहे तो जगबुडीचा ग्रंथ आहे, ही मुळात एक ऐकीव समजूत आहे. बायबलच्या अगदी शेवटी येणारे 'प्रकटीकरण' हे ते पुस्तक. त्याची ख्याती आहे ती चार घोडेस्वारांसाठी, सात डोक्यांच्या श्वापदासाठी, सहाशे सहासष्ट या आकड्यासाठी आणि अग्नीच्या सरोवरासाठी. ही सारी भयानक सामग्री त्यात आहे, यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की ती कोणत्या रसाच्या परिपोषासाठी आली आहे? आपल्या साहित्यशास्त्राने भयाला स्थायीभावांच्या पंक्तीत बसवले आहे. या ग्रंथात मात्र भय हे संचारी आहे. ते येते आणि जाते. टिकून राहते ती आशा. निदान माझे वाचन तरी मला तसे सांगते.

आधी नावाचा विचार करू. इंग्रजीत 'अपॉकलिप्स' हा शब्द आज सर्वनाश या अर्थाने सर्रास वापरतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र पडदा दूर सारणे, झाकलेले उघडे करणे, इतकाच. 'प्रकटीकरण' या मराठी नावात तो अर्थ शाबूत आहे. त्यामुळे मराठी वाचकाची वाट निदान उंबरठ्यावर तरी चुकत नाही. बहुतेक अभ्यासकांच्या मते इ. स. ९५ च्या सुमारास, रोमन सम्राट डोमिशियन याच्या कारकिर्दीत, योहान नावाच्या एका ख्रिस्ती माणसाने हा ग्रंथ लिहिला. आपल्या श्रद्धेपायी तो एजियन समुद्रातल्या पात्म नावाच्या बेटावर जाऊन पडला होता. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया अशी सात नगरे होती. तेथल्या लहानलहान ख्रिस्ती मंडळ्यांना त्याने पाठवलेले हे पत्र आहे. एकाने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, अशी त्याची योजना. वाचणारा आणि ऐकणारे या दोघांनाही आरंभीच आशीर्वाद दिलेला आहे. आपल्याकडे पोथी लावतात तशातलाच हा प्रकार. फरक एवढाच की येथे फलश्रुती शेवटाची वाट पाहत थांबत नाही.

ऐकण्यासाठी लिहिलेल्या या ग्रंथात ऐकणे आणि पाहणे यांचा एक विलक्षण खेळ आहे. त्याच्याकडे लक्ष गेले नाही तर सगळा ग्रंथ हातातून निसटतो. पाचव्या अध्यायात सात शिक्क्यांनी बंद केलेली गुंडाळी कोणी उघडू शकत नाही म्हणून योहान रडू लागतो. त्याला सांगण्यात येते की यहूदाच्या वंशाचा सिंह विजयी झाला आहे, तो ती उघडील. योहान मान वर करून पाहतो, तर समोर सिंह नाही; वधलेले असावे असे एक कोकरू उभे आहे. कानांनी सिंह ऐकला, डोळ्यांना कोकरू दिसले! पुढे सातव्या अध्यायात पुन्हा हेच घडते. ज्यांच्यावर शिक्का मारला आहे त्यांची संख्या योहान ऐकतो, ती एक लाख चव्वेचाळीस हजार. मग तो पाहतो, तर कोणाला मोजता येणार नाही एवढा समुदाय. सर्व राष्ट्रांचा, सर्व भाषांचा, हातांत झावळ्या घेतलेला. जे ऐकले ते जरब बसवणारे आणि मोजके. जे दिसले ते कोमल आणि अमाप. एकोणिसाव्या अध्यायात पांढऱ्या घोड्यावरचा योद्धा अवतरतो, तेव्हा लढाई जुंपण्याआधीच त्याचे वस्त्र रक्तात भिजलेले असते आणि त्याची तलवार हातात नसून तोंडातून निघालेली असते. शब्द हेच त्याचे शस्त्र. ते रक्तही शत्रूचे नसून त्याचे स्वतःचेच, असे अनेक टीकाकार मानतात. थोडक्यात, हा कवी भयाची भाषा उसनी घेतो आणि तिचा अर्थ आतून पालटून टाकतो.

मग जगाला या ग्रंथातले भयच तेवढे कसे आठवते? याचे काही श्रेय एका थोर चित्रकाराला द्यावे लागेल. १४९८ मध्ये न्युरेम्बर्गच्या आल्ब्रेख्ट ड्यूररने या ग्रंथावरची पंधरा काष्ठचित्रे प्रसिद्ध केली. त्यांतले चार घोडेस्वारांचे चित्र आजही पाहणाऱ्याच्या अंगावर येते. मूळ ग्रंथात हे स्वार एकेक शिक्का फुटेल तसे एकामागून एक येतात. ड्यूररने चौघांना एकाच झेपेत आणले, आणि त्या एका फेरफाराने दृश्याचा वेग व दहशत कितीतरी वाढली. चित्रकार म्हणून हा त्याचा अधिकारच होता. त्याने कोकरूही काढले आहे, झावळ्या घेतलेला समुदायही काढला आहे. परंतु लोकांच्या स्मरणात राहिले ते घोडे. शेवटच्या चित्रात मागच्या बाजूस एक देखणे जर्मन धाटणीचे गाव दिसते. तेच ते नवे यरुशलेम. पण पुढच्या बाजूला अजगराला कोंडणारा देवदूत एवढा ठसठशीत आहे की गावाकडे नजर उशिराच जाते.

याच ग्रंथातून दुसऱ्या एका कलावंताने अगदी निराळी गोष्ट उचलली. प्रकटीकरणात संकटांची मालिका ज्या ज्या ठिकाणी असह्य होते, त्या त्या ठिकाणी एकदम गाणे सुरू होते. हॅन्डेलने आपल्या 'मसाया' या संगीतकृतीसाठी ही गाणी घेतली. तिच्यातला सुप्रसिद्ध 'हालेलुया' आणि अगदी अखेरचा समूहस्वर या दोन्हींचे शब्द प्रकटीकरणातले आहेत. १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिन येथे या कृतीचा पहिला प्रयोग झाला, तो कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांच्या सुटकेसाठी आणि दोन रुग्णालयांच्या मदतीसाठी. जगाच्या अंताचे गाणे गाऊन कर्जबाजाऱ्यांच्या बेड्या सोडवाव्यात, हे त्या ग्रंथाचे मोठे मार्मिक रसग्रहणच म्हटले पाहिजे!

ड्यूररने निदान कला तरी निर्माण केली. त्याच्यानंतर भयाचे जे व्यापारी आले त्यांनी या ग्रंथाचे पंचांग करून टाकले. अमेरिकेत विल्यम मिलर याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही ख्रिस्ताच्या पुनरागमनाची तारीख धरली. तो दिवस नेहमीसारखा मावळला आणि 'महान निराशा' या नावाने इतिहासात राहिला. हॅरॉल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या धर्मोपदेशकाने २१ मे २०११ हा दिवस जाहीर केला, तोही मावळला. तो दिवस आणि ती घटका कोणालाही ठाऊक नाही, असे खुद्द येशूने सांगितल्याचे शुभवर्तमानांत नमूद आहे. पण पंचांग मांडून बसलेल्याला एवढे वाचायला सवड कोठली!

या वाटेवरची सर्वांत खपलेली कृती म्हणजे टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांची 'लेफ्ट बिहाइंड' ही सोळा कादंबऱ्यांची माला. तिची पहिली कादंबरी १९९५ मध्ये निघाली. आकाशात उडत असलेल्या विमानातून काही प्रवासी एकाएकी नाहीसे होतात, आसनांवर नुसते त्यांचे कपडे उरतात, असा तिचा आरंभ. श्रद्धावंत वर उचलले गेले. मागे राहिलेल्यांच्या वाट्याला हाल. वाचकाला पान उलटायला लावण्याची हातोटी या लेखकांपाशी आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु या कथेचा सगळा ओढा पृथ्वीवरून वर निसटण्याकडे आहे. प्रकटीकरणाचा ओढा नेमका उलट दिशेने आहे. शेवटच्या दोन अध्यायांत कोणी वर जात नाही. नगरच खाली येते. नव्या आकाशातून नव्या पृथ्वीवर ते उतरते आणि देव माणसांमध्ये वस्तीला येतो. मुलाचे डोळे आई पदराने पुसते तसे तो प्रत्येकाचे डोळे पुसतो. मरण, शोक, आक्रोश, यातना ही सारी मागे पडतात. समुद्रही उरत नाही. हे वाक्य समुद्राने वेढलेल्या बेटावर अडकलेल्या माणसाचे आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्यातली कळ जाणवते. 'लेफ्ट बिहाइंड'मध्ये पृथ्वी हे जळते घर आहे. योहानाच्या लेखी ते परत नांदते होणारे घर आहे. आशा आणि पळवाट यांतला फरक याहून स्पष्ट कोठे दिसावा?

या ग्रंथावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. डी. एच. लॉरेन्स याचे 'अपॉकलिप्स' हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. दुबळ्यांना बलवानांविषयी वाटणारा मत्सर आणि सूडाची हाव या ग्रंथात बोलते आहे, असे त्याचे साधारणपणे म्हणणे. त्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? द्राक्षकुंडातून घोड्यांच्या लगामापर्यंत चढणारे रक्त, प्रेतांवर तुटून पडणारी गिधाडे, ही दृश्ये वाचताना मन आक्रसते. त्या सुंदर नगरातही सर्वांना प्रवेश नाही. बाहेर राहणाऱ्यांची एक यादी शेवटपर्यंत आहे. ही धार बोथट करून या ग्रंथाची स्तुती करू नये.

तथापि लॉरेन्सने एक गोष्ट पाहिली नाही असे वाटते. हा क्रोध कोणाचा आहे? सहाव्या अध्यायात वेदीखालून मारल्या गेलेल्यांचा आवाज येतो: आणखी किती काळ? अठराव्या अध्यायात बाबेल, म्हणजे रोम, कोसळते तेव्हा व्यापारी रडतात, आणि आता कोणी विकत घेत नाही त्या मालाची यादी कवी सावकाश वाचून दाखवतो. सोने, रुपे, मोती, तलम वस्त्रे, हस्तिदंत, दालचिनी, गहू, गुरे, घोडे, आणि अगदी शेवटी माणसांचे जीव. मोती, हस्तिदंत, दालचिनी यांसारखे जिन्नस हिंदी महासागराच्या वाटेने रोमन बाजारात जात. आपल्या कल्याण-सोपाऱ्याची नावेही त्याच शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात आढळतात. म्हणजे ही वखार आपल्या किनाऱ्याला अगदीच परकी नाही. त्या यादीच्या तळाशी ज्याचे नाव आहे, त्या विकल्या गेलेल्या माणसाच्या जागी उभे राहून वाचले की सूडाच्या जागी न्यायाची तहान दिसू लागते. न्यायाचा दिवस सत्ताधाऱ्याला भिववतो. ज्याची दाद कोठेच लागलेली नाही त्याला तोच दिवस धीर देतो.

हे केवळ तर्काने सांगावे लागत नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गुलामांच्या परंपरेतून आलेले एक भक्तिगीत आहे. त्यात ते या नगराच्या वेशी मोजतात. पूर्वेला तीन, पश्चिमेला तीन, उत्तरेला तीन, दक्षिणेला तीन. सगळ्या मिळून बारा. बाराशे पानांच्या भाष्याला जे जमू नये ते या मोजणीने साधले आहे. ज्याला एका मळ्याच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नाही, तो चारी दिशांना उघडणाऱ्या वेशी मोजतो आहे! श्वापद कोण आणि त्याचा आकडा कोणाला लागू पडतो, याची त्याला उठाठेव नाही. (तो आकडा हिब्रू अक्षरांच्या हिशेबाने नीरो बादशहाचा असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.) त्याला ठाऊक आहे की आपण येणार त्या दिशेलाही एक वेस आहे.

या वेशींविषयी योहानाने आणखी एक गोष्ट सांगितली आहे. त्या कधी बंद होत नाहीत. जुन्या गावांत दिवेलागण झाली की वेस लावून घेत. चोराचिलटांचे, शत्रूचे भय असे. या नगरात रात्रच नाही, म्हणून वेस लावण्याची वेळही येत नाही. तटाची उंची-जाडी हातांनी मोजून सांगणाऱ्या कवीने दारे मात्र सताड उघडी ठेवली आहेत. त्या उघड्या वेशींतून आत कोण येते? पृथ्वीचे राजे आपले वैभव घेऊन येतात. दोनच अध्यायांपूर्वी हेच राजे त्या पांढऱ्या घोड्यावरच्या स्वाराशी लढायला सैन्य घेऊन उभे होते! हे कसे झाले याचा खुलासा कवी करत नाही. आत नदीकाठी जीवनाचे झाड आहे आणि त्याची पाने राष्ट्रांना बरे करण्यासाठी आहेत, एवढे तो सांगतो. मोडून पडलेल्या शत्रूसाठीही औषध राखून ठेवणाऱ्या ग्रंथाला निव्वळ सूडाचा ग्रंथ म्हणणे मला तरी जड जाते.

आपण लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घराचे दार उघडे ठेवतो. येणारी लक्ष्मी आहे, हे मनात धरलेले असते म्हणून तसे करतो. चोराची धास्ती धरली असती तर कडी लावली असती. प्रकटीकरण वाचणाऱ्यापुढेही हीच निवड आहे. येणाऱ्याला आपण काय समजतो, यावर दार लावायचे की उघडायचे हे ठरते. ग्रंथाचा शेवट 'ये' या विनवणीने होतो. भ्यालेला माणूस असे बोलावत नाही.